मदत हवी आहे: चार महिन्यांचा हंगाम आखलाय, पण हॉल घुमतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीच्या कलाकेंद्रात यंदा सुटे सुटे कार्यक्रम न करता सलग चार महिन्यांचा हंगाम करायचं ठरलंय. गायन, नाट्यवाचन, नृत्य, मुलांचे एकपात्री आणि शेवटी आठवडाभर चित्रप्रदर्शन. आम्ही सगळे हौशी, नोकऱ्या सांभाळून करणारे. कलाकार मिळतायत. घोडं अडलंय ते हॉलपाशी.

हॉल १२ मीटर लांब, ९ रुंद, साडेचार उंच. गुळगुळीत भिंती, खाली फरशी आणि एका लांब बाजूला सगळ्या काचा. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की विरायला चांगले दोन सेकंद लागतात. गाणाऱ्यांना ते आवडतं, आवाज भरल्यासारखा वाटतो. पण मागच्या वाचनाला तिसऱ्या रांगेनंतर "काय म्हणाला?" सुरू झालं. एका शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर चढत होती.

समितीतले निम्मे म्हणतात, मोठे स्पीकर घ्या. मला वाटतं, त्याने हॉल आणखी मोठ्याने घुमेल, बाकी काही नाही. (स्पीकर म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात, पडद्याचं नाव काढलं की चहाची वेळ होते.)

प्रदर्शनाला भिंती मोकळ्या लागतात, त्यामुळे कायमचं काही ठोकता येणार नाही. मग काय करावं? कार्यक्रमांचा क्रम कसा लावावा? आणि वाचनासाठी पुस्तक विकत घेतलंय, तरी लेखकाची परवानगी लागते का? यावर आमच्यात रोज वाद आहे.

विंगेतून:
स्पीकरबद्दल तुमचं बरोबर आहे. मागच्या वाचनाला माणसं किती होती?

धागाकर्ता:
पंचवीसेक. का?

विंगेतून:
तिथेच गोम आहे. घुमण्याचा काळ काढायचं साधं सूत्र आहे: ०.१६१ गुणिले हॉलचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तिथे वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून, मांडून मोजमापं घेतली. त्यातूनच हे सूत्र आलं.

तुमचं घनफळ ४८६ घनमीटर. दोन सेकंद म्हणजे सध्या शोषण साधारण ३९ चौरस मीटर. बोलण्यासाठी काळ एक सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे शोषण ७८ लागेल. बसलेला एक माणूस ढोबळमानाने ०.४ ते ०.५ चौरस मीटरचं काम करतो. ऐंशी जण आले तर हॉल आपोआप सुधारतो. पंचवीस आले तर जेमतेम अकरा चौरस मीटरची भर पडते.

उरलेलं काम काचांवर करा. जाड, भरपूर चुण्यांचा पडदा, काचेपासून वीतभर पुढे, रुळावर सरकणारा. वाचनाला ओढा, गायनाला उघडा. प्रदर्शनाला बाकीच्या तीन भिंती मोकळ्याच राहतात. कापड आग सहज न धरणारं घ्या, यात काटकसर नको. खर्जातला घुमारा पडद्याने फारसा कमी होत नाही, पण व्यंजनं सुटी ऐकू येतील आणि तुम्हाला तेच हवंय.

फुकटातला उपाय: वाचक आखूड भिंतीशी न बसवता काचांच्या समोरच्या लांब भिंतीशी बसवा, खुर्च्या अर्धवर्तुळात. शेवटची रांग एकदम जवळ येते. ही मांडणी पडदा शिवून येण्याआधीच करून बघा.

तालीमवाली:
परवानगी लागते. पुस्तक घेतलं म्हणजे प्रत तुमची झाली, प्रयोगाचा हक्क नाही. बर्न करारानुसार (लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, अनेक देशांत ६० किंवा ७०. अनुवाद असेल तर अनुवादकालाही विचारा. प्रवेश मोफत आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं धरू नका. पत्रात तारीख आणि प्रयोगांची संख्या लिहा, चित्रीकरण करणार असाल तर त्याचा वेगळा उल्लेख करा. ऐनवेळी मागितलेली परवानगी सहसा येत नाही, त्यामुळे आजच पत्र टाका.

क्रमात मुलांचा दिवस पहिला. एका मुलामागे अख्खं घर येतं आणि त्याच गर्दीच्या हातात पुढच्या कार्यक्रमांची पत्रिका देता येते. वाचन त्यानंतर लगेच ठेवा, हंगामाच्या शेपटीला नको. दोन कार्यक्रमांत निदान पंधरवडा ठेवा, नाहीतर तुमचेच कार्यकर्ते आधी गळतील.

नृत्याचं मात्र जपून. काँक्रीटवरच्या फरशीवर उड्या म्हणजे गुडघ्यांची वाट. वरून पातळ व्हिनाइल अंथरलं तरी धक्का बसतोच. खाली पोकळी असलेला लाकडी मंच मिळत नसेल तर बसून, हातांच्या आणि चेहऱ्याच्या अभिनयावर चालणारं काही घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. लेखकाला पत्र आजच जातंय. अर्धवर्तुळ या रविवारी मांडून बघतो, समितीला मागच्या रांगेतच बसवणार. एक शंका उरली: पडदा मखमलीचा परवडेल असं वाटत नाही. जाड सुती कापड दुहेरी शिवून, चुण्या जास्त घेतल्या तर चालेल का? कोणी वापरलंय?