पिंप साडेतीन महिने कोरडं होतं, मग अळ्या आल्या कुठून?

गच्चीवालीकाकू (सिडको, नाशिक):
आमच्याकडे दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. महाशिवरात्रीनंतर रिकामं करून जिन्याच्या खोलीत आडवं टाकलं होतं. परवा शनिवारी पहिला जोराचा पाऊस झाला, म्हणून पन्हळीखाली उभं केलं. रात्रीत अर्धं भरलं. सोमवारी सकाळी तपासणीवाली ताई आली, टॉर्च मारला आणि म्हणाली, "काकू, वळवळतंय बघा." सुईच्या टोकाएवढ्या, पण अळ्याच! पाणी आभाळाचं, पिंप कोरडं ठणठणीत. सासूबाई म्हणतात पावसातून पडतात. त्यांना काय सांगू?

मिसळप्रेमी_पंचवटी:
सासूबाईंना काही सांगू नका, हो म्हणा.

डासमास्तर:
मी हिवताप विभागातून निवृत्त झालो, उभी नोकरी लोकांच्या हौदात टॉर्च मारण्यात गेली. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: शनिवारी पाणी, सोमवारी अळी. एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, ताज्या अंड्यात अळी तयार व्हायलाच दोनेक दिवस लागतात. म्हणजे ही अंडी शनिवारची नव्हेतच. फेब्रुवारीतच पिंपाला चिकटलेली होती.

एडिस इजिप्तीची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर भिंतीला डकवते. घातल्यावर पांढरी, काही तासांत काळी. आत अळी तयार झाली की अंडी वाळली तरी मरत नाहीत, सावलीत कित्येक महिने तग धरतात. पाणी चढलं की फुटतात. त्यातही खोडी अशी की सगळी एकदम फुटत नाहीत, काही दुसऱ्या भिजण्यासाठी मागे राहतात. हा डास मूळचा आफ्रिकेतला. जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरला, तो या अंड्यांच्या जोरावर.

तेव्हा पाणी ओतलंत तरी अंडी जागच्या जागी. तारेच्या घासणीने आतली भिंत खसाखसा घासा, काठापासून तळापर्यंत, आणि धुवण कोरड्या मातीत ओता. मग वर घट्ट कापड बांधा.

गच्चीवालीकाकू:
पण माझ्याच पिंपात का? शेजारी उघडी टाकी आहे!

डासमास्तर:
तिथेही असणार. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी, पण ती सगळी एका भांड्यात घालत नाही. थोडी पिंपात, थोडी मनीप्लँटच्या बाटलीत, थोडी फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. आपल्या बायका सोनं एका डब्यात ठेवत नाहीत, तसंच. प्रत्येक खेपेआधी रक्त हवं, म्हणून ती दिवसा पायांभोवती घोटाळते. नर बिचारा चावत नाही.

कृषीपदवी_ओझर:
मादीचं मीलन बहुधा एकदाच होतं ना?

डासमास्तर:
बरोबर. नराच्या स्रावातल्या प्रथिनांमुळे ती नंतर दुसऱ्याला दाद देत नाही. शुक्राणू पोटातल्या तीन इवल्या पिशव्यांत साठवते आणि पुढच्या सगळ्या खेपा त्यावरच. याच गोष्टीचा फायदा सिंगापूरमध्ये घेतात: वोल्बाकिया जिवाणू असलेले नर सोडायचे. त्या जिवाणूविना असलेल्या मादीशी त्यांचं जमलं की अंडी फुटतच नाहीत. पण ते सरकारी पातळीवरचं काम, तुमच्या हातात घासणी.

जाता जाता: मलेरियाचा आपला अॅनाफिलीस स्टीफेन्सी, बांधकामाच्या टाक्यांतला, उलट्या वाटेने गेला. 2012 मध्ये तो जिबूतीत सापडला आणि आता आफ्रिकेतल्या शहरांना तो डोकेदुखी झालाय. फिटंफाट म्हणावी तर दोन्हीकडे आजारीच पडतात.

गच्चीवालीकाकू:
घासलं. काठापासून चार बोटं खाली काजळीसारखी रेघ होती, मी मळ समजत होते! सासूबाईंना भिंग देऊन दाखवलं. म्हणाल्या, "हीच पावसातून पडली." असो. पक्ष्यांसाठी मातीचं भांडं ठेवते, त्यात रोज पाणी भरते. ते चालेल ना?

डासमास्तर:
रोज भरता, पण घासता का?

गच्चीवालीकाकू:
आत्ता उठते.