डीफ्रॅग २७ टक्क्यांवर अडकून बसतोय, पुढे सरकतच नाही

निवांत_माणूस :

नमस्कार मंडळी,
घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, आत १ टीबीची साधी फिरती हार्ड डिस्क (एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, नाही), तिचे सी आणि डी असे दोन भाग पाडलेत. हल्ली डी मधलं काहीही उघडायला गेलं की मशीन नुसतं विचार करत बसतं, म्हणून म्हटलं डीफ्रॅग (तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या फायली सलग लावणं) करून बघू. सी चं अगदी व्यवस्थित झालं. डी ला लावलं की ॲनालिसिस होतं, पहिला पास सुरू होतो आणि 'पास १: २७% रिलोकेटेड' वर जाऊन जे थांबतं ते थांबतंच. रात्रभर चालू ठेवून झोपलो, सकाळी बघतो तर तेच २७. स्टॉप दाबलं तर तेही लगेच ऐकत नाही, बराच वेळ तसंच राहतं आणि मग कधीतरी मनात आलं की थांबतं. रीस्टार्ट करून परत लावलं, परत २७.

डी मध्ये निम्मी जागा मोकळी आहे त्यामुळे जागेचा प्रश्न नसावा. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, नेट काढून पाहिलं. मित्राच्या सांगण्यावरून दुसरं एक फुकट टूल टाकलं, त्यात ते रंगीत चौकोन दिसतात, तर तेही साधारण त्याच पट्ट्यात येऊन एका चौकोनावर लुकलुकत बसतं. मध्येच पॉवर काढली तर फायली खराब होतात का? आणि हे खरंच अडकलंय की फक्त हळू चाललंय हे ओळखायचं कसं? डी वर घरातले सगळे फोटो न व्हिडिओ आहेत, दुसरीकडे कॉपी नाही, म्हणून जरा टेन्शन आलंय.


घाईगडबड :

सोप्पं आहे, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि चेकडिस्क (डिस्क तपासायची विंडोजची कमांड) स्लॅश आर मारा डी ला. तो सगळे बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या बारीक जागा) शोधून बाजूला काढतो, मग डीफ्रॅग सुरळीत चालेल. माझ्याकडे असंच झालं होतं, झटक्यात सुटलं.


बिटबाई :

अहो घाईगडबड, थांबा जरा. निवांतराव, चेकडिस्क स्लॅश आर आत्ता अजिबात लावू नका. एकच कॉपी आहे म्हणताय ना, मग आधी डिस्कची तब्येत बघा. स्लॅश आर म्हणजे डिस्कचा कोपरा न कोपरा वाचत जायचं, १ टीबीला कित्येक तास लागतात, आणि डिस्क खरंच आजारी असेल तर हे तास तिच्यासाठी वाईट. शिवाय ती कमांड फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे ठेवलीय त्याची व्यवस्था) दुरुस्त करते, तुमचा फोटो नाही. जो तुकडा वाचता आला नाही तो गेला समजून पुढे जाते.


जुनाखोड :

बिटबाईंना +१. पण मूळ प्रश्न चांगला आहे, अडकलंय की हळू आहे, त्याचं उत्तर देतो.

त्या टक्क्यांकडे बघत बसण्यात काही अर्थ नाही. एखादी ४०-५० जीबीची फाइल मध्ये आली, व्हर्च्युअल मशीनची डिस्क वगैरे, की ती हलवेपर्यंत आकडा तासभर जागचा हलत नाही आणि तरी काम चालूच असतं. विंडोज ९८ मध्ये तर वेगळीच गंमत होती, मागे कोणी डिस्कवर काही लिहिलं, अगदी स्क्रीनसेव्हर जरी लागला, की 'ड्राइव्हमधला मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात करतोय' म्हणून ते शून्यावर, आणि लोक दिवसभर १० टक्क्यांपर्यंतच पोचायचे. आता तसं होत नाही. एक्सपीमधले ते लाल निळे पट्टेही विंडोज व्हिस्टापासून गेले त्यामुळे आत काय चाललंय ते दिसतच नाही, फक्त आकडा.

तर असं करा. डीफ्रॅग लावा, २७ वर येऊ द्या, मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबच्या खालून रिसोर्स मॉनिटर उघडा, त्यात डिस्कचा टॅब. तिथे 'डिस्क ॲक्टिव्हिटी' मध्ये कुठली फाइल वाचली-लिहिली जातेय तिचं नाव येतं, आणि शेवटच्या कॉलममध्ये रिस्पॉन्स टाइम मिलीसेकंदात. आता तीन गोष्टी होऊ शकतात.

फाइलची नावं बदलतायत, सेकंदाला काही एमबी वाचन-लेखन दिसतंय आणि रिस्पॉन्स टाइम दोन आकडी किंवा फार तर शंभर दीडशे : काम चालू आहे, सोडून द्या, चहा प्या.
एकच मोठी फाइल दिसतेय पण बाइट्स वाहतायत : तरीही चालू आहे.
एकच फाइल, वाचन जवळपास शून्य, डिस्क १००% बिझी, आणि रिस्पॉन्स टाइम हजारांत : हे अडकलंय, आणि दोष डीफ्रॅगचा नाही, खालच्या लोखंडाचा, म्हणजे डिस्कचाच आहे. अशा वेळी कान लावून बघा, ठराविक वेळाने टक्-टक् किंवा खर्र असा एकच आवाज परत परत येतोय का. डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते, तोवर वरचा सगळा कारभार ताटकळत उभा. तुमचं स्टॉप बटण लगेच ऐकत नाही त्याचं कारणही बहुतेक तेच, हातात घेतलेलं वाचन पुरं झाल्याशिवाय ते थांबूच शकत नाही.

दोन वेगळी टूल एकाच जागी अडकतायत म्हटल्यावर मला तिसरा प्रकार वाटतोय. पॉवरबद्दल : विंडोजचं डीफ्रॅग आधी नवीन जागी कॉपी करतं आणि मग फाइलची नोंद बदलतं, नोंद जर्नलमध्ये (बदलांच्या वहीत) जाते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तर फाइल सहसा जुन्या जागी शाबूत सापडते. तरी स्वतः होऊन वायर ओढू नका, स्टॉप दाबून वाट बघा.


रात्रपाळी :

धागा चांगल्या वेळी वर आला, माझंही अडकतं पण माझं १० टक्क्यांवर आणि सी ड्राइव्हवर. डिस्क २५० जीबी, त्यातली मोकळी १२ जीबी. निवांत यांच्यासारखंच असेल का?


जुनाखोड :

@रात्रपाळी, तुमचं वेगळं. १२ जीबी मोकळी म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. एक्सपीच्या काळापासून निदान १५ टक्के मोकळी ठेवा असं सांगितलं जातं ते उगाच नाही. भरलेला माळा आवरायचा तर खालचं सामान ठेवायला आधी थोडी जमीन रिकामी लागते ना, तसंच. डिस्क क्लीनअप चालवा, त्यात 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' वर क्लिक करून जुन्या अपडेटचा कचरा काढा. हायबरनेट (मेमरीतलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश एच स्पेस ऑफ, त्याने हायबरनेशनची फाइल उडते, ती बऱ्याच जीबीची असते आणि विंडोज चालू असताना डीफ्रॅगला ती हलवताही येत नाही. पेज फाइलही (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) तशीच, जागची हलत नाही.

आणि हो, सी वर सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल तर मोठ्या डीफ्रॅगनंतर जुने रिस्टोअर पॉइंट गायब झालेले दिसू शकतात. नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर (फायलींना जागा देण्याचा सगळ्यात लहान ठोकळा) फाइल नुसती हलवली तरी शॅडो कॉपीला (रिस्टोअर पॉइंट जिच्यात साठतात ती सोय) ते नवीन लेखन वाटतं, तिची ठरलेली जागा भरते आणि जुने पॉइंट उडतात. घाबरू नका, कोणी डिलीट केलेले नसतात.


निवांत_माणूस :

जुनाखोड, तुम्ही सांगितलं तसं केलं. २७ वर आल्यावर रिसोर्स मॉनिटरमध्ये एकाच व्हिडिओ फाइलचं नाव, दुसरं काही येतच नाही, आणि रिस्पॉन्स टाइम आधी ४ हजार, मग ११ हजार असं काहीतरी, रीडच्या कॉलममध्ये बराच वेळ शून्य. कॅबिनेटला कान लावला तर बारीक टिक... टिक... येतंय. डीफ्रॅग बंद करून ती फाइल नुसती डेस्कटॉपवर कॉपी करायला घेतली तर तीही अर्ध्यात लटकली.

एका प्रतिसादात तब्येत बघा म्हटलं होतं म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते ते दाखवणारं टूल) टाकलं. वर निळ्याऐवजी पिवळं 'कॉशन' आलंय. ०५ समोर रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) सगळी शून्यं. सी५ समोर बरीच शून्यं आणि शेवटी १८. सी६ समोरही १८. सी७ शून्य. १८ सेक्टर म्हणजे फार झाले का? करोडोंमध्ये १८ काहीच नाहीत असं वाटतं.


बिटबाई :

आधी एक बारीक गोष्ट, ते टूल रॉ व्हॅल्यू हेक्समध्ये (१६ च्या पायात) दाखवतं, म्हणजे तुमचे १८ म्हणजे आपले नेहमीचे २४. फंक्शनच्या मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यू १० च्या पायात दाखवायची सोय आहे. आणि २४ हा आकडा मला ओळखीचा वाटतो, कारण आताच्या बहुतेक डिस्कचे खरे सेक्टर ४ केबीचे असतात पण बाहेर त्या ५१२ बाइटचे आठ सेक्टर असल्याचं सांगतात, त्यामुळे हा आकडा बऱ्याचदा आठच्या पटीत वाढतो. थोडक्यात खऱ्या अर्थाने तीनच जागा खराब आहेत.

पण तीन म्हणजे कमी असं नका समजू. सी५ म्हणजे पेंडिंग, डिस्कला जे वाचता आले नाहीत आणि अजून निकाल लागलेला नाही असे. सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. ०५ शून्य आहे म्हणजे अजून एकही सेक्टर बदलून राखीव जागेतला दिलेला नाही, तो बदल सहसा त्या जागी नवीन काही लिहिलं जातं तेव्हा होतो. सी७ शून्य म्हणजे केबलवर निदान सध्या तरी संशय नाही, तो वाढत असता तर मी आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलायला सांगितली असती, स्वस्तात सुटलं असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) विंडोज लॉग्ज, सिस्टिम, तिथे सोर्स 'डिस्क' आणि आयडी ७ असलेल्या लाल नोंदी दिसतील बघा, 'बॅड ब्लॉक' असं लिहिलेलं असतं. १५३ च्या पिवळ्या असतील तर तेही त्याच घरचं.

डीफ्रॅग आता विसरा. चांगल्या असलेल्या शेकडो जीबी फायली आजारी डिस्कवर इकडून तिकडे उचलून ठेवायच्या, कशाला? विंडोजचं ते आठवड्याचं शेड्यूलसुद्धा त्याच ऑप्टिमाइजच्या खिडकीत 'चेंज सेटिंग्ज' मध्ये जाऊन बंद करा, नाहीतर तुम्ही झोपल्यावर ते आपलं परत सुरू होईल.

बाहेरची डिस्क जोडा आणि कॉपी काढा, एक्सप्लोररने ओढून नको, तो त्या फाइलवर लटकला की पुढचं सगळं लटकतं. रोबोकॉपी वापरा, कॉपी करायची कमांड आहे, विंडोजमध्येच असते. आधी फोटोंचा फोल्डर, मग बाकीचे. स्लॅश ई द्या म्हणजे आतले फोल्डर येतात, आणि स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे विसरू नका. कारण हे दोन आकडे दिले नाहीत तर रोबोकॉपी नापास झालेली एकेक फाइल दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून परत घेतं. खरंच दहा लाख, हे ज्याने ठरवलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे. ती व्हिडिओ फाइल स्लॅश एक्सएफ देऊन आत्ता वगळा, ती सगळ्यात शेवटी.


घाईगडबड :

बरं पण चेकडिस्क कधी मारायचा मग? माझं तर चाललं होतं.


बिटबाई :

कॉपी निघाल्यावर कितीही मारा :) तुमच्याकडे बहुधा फाइल सिस्टिमचा घोळ असेल, अचानक बंद पडल्यावर होतो तसा. डीफ्रॅग कधी कधी सुरूच होत नाही, व्हॉल्यूमवर (सी, डी अशा भागावर) 'डर्टी', म्हणजे तपासणी बाकी असल्याची खूण असते म्हणून. त्याला चेकडिस्क स्लॅश एफ (फक्त फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा) पुरतो. सुरूच न होणं वेगळं आणि मध्येच एका फाइलवर अडकणं वेगळं.


रात्रपाळी :

जुनाखोड, क्लीनअप आणि हायबरनेट दोन्ही मिळून जवळपास ३० जीबी सुटले, आता मोकळी जागा ४२. डीफ्रॅग शेवटपर्यंत गेलं, दहावर थोडं रेंगाळलं पण गेलं. दोन रिस्टोअर पॉइंट उडाले, तुम्ही म्हणालात तसे. आभार.


निवांत_माणूस :

बिटबाई, आयडी ७ च्या नोंदींची तर रांगच होती. कॉपी निघाली, फोटो सगळे आले. रोबोकॉपीच्या शेवटच्या तक्त्यात 'फेल्ड' खाली २ होते, एक जुनी इन्स्टॉलरची फाइल, ती गेली तर गेली, आणि एक छोटा व्हिडिओ जो नशिबाने फोनमध्ये सापडला. वगळलेला मोठा व्हिडिओ मात्र अजून तिथेच आहे. कॉपी चालू असताना सी५ चे १८ चे २० झाले, म्हणजे हेक्समध्ये, म्हणजे ३२ ना?

तो व्हिडिओ अर्धामुर्धा तरी मिळेल का? आणि नंतर ही डिस्क फॉरमॅट करून सिनेमे ठेवायला वापरता येईल का?


बिटबाई :

बरोब्बर, ३२. म्हणजे एका कॉपीत आणखी एक जागा गेली.

व्हिडिओसाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालतं ते लिनक्स) डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा उचलायचं टूल) चालवा. ते आधी सोपा भाग पटापट उचलतं, खराब जागेवर अडत नाही, ती नंतरसाठी नोंदवून ठेवतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये थांबवलं तरी पुढून सुरू करता येतं. तीन-चार जागी ४ केबीची भोकं पडलेला व्हिडिओ बहुतेक वेळा चालतो, मध्ये दोन सेकंद चौकोन चौकोन दिसतात इतकंच.


जुनाखोड :

डिस्क वापरायची की नाही ते फॉरमॅटनंतर ठरवा. क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये तो सगळीकडे शून्यं लिहितो. त्यानंतर डी च्या जागांपुरतं सी५ खाली आलं आणि ०५ वाढून एका आकड्यावर टिकलं तर परत डाउनलोड करता येईल असे सिनेमे ठेवायला हरकत नाही. पुन्हा वाढायला लागलं तर भंगार. पण सी ही त्याच डिस्कवर आहे ना तुमचा? मग विंडोज आधी दुसरीकडे हलवा, हे सगळं त्यानंतर. एसएसडी घेतलीत तर तिथे ऑप्टिमाइज दाबल्यावर काही सेकंदात संपेल, दचकू नका, तिथे ते सहसा डीफ्रॅग नाही, फक्त ट्रिम (कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते एसएसडीला कळवणं) करतं.