कॅराव्हॅनमागं एक्सएल मोपेड लावणारे सगळे अडाणी काय?

चाकावरचं घर, सातारा
परवा इथं एकानं लिहिलं की कॅराव्हॅनच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या मागं मोपेड टांगणं हे जुनाट डोक्याचं काम, दोन ई-सायकली घ्या, लायसन नको, पेट्रोल नको, मोकळे व्हा. त्याला शंभर लाईक. तेव्हापासून डोक्यात बसलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी साडेसहा मीटर लांब. ती शेतकऱ्याला विचारून एकदा बांधाकडंला लावली की लावली, दुधाच्या पिशवीसाठी कोण हलवणार? म्हणून दुसरं वाहन लागतंच, इथंवर सगळ्यांचं एकमत. पण हे ई-सायकलवाले यवतेश्वरचा घाट चढलेत का कधी? सातारा ते कास पंचवीसेक किलोमीटर आणि उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक. कायद्यात बसणारी मोटर २५० वॉटची. दहाला एक असा चढ धरला आणि पायडल न मारता नुसत्या मोटरवर गेलं तर ८० किलोचा माणूस ताशी सहा-सात किलोमीटरनं चढणार, म्हणजे चालत गेल्यासारखंच. आणि बायकोला कुठं बसवू, कॅरिअरवर?

माझी टीव्हीएस एक्सएल १०० चार लिटर पेट्रोलात आम्हा दोघांना, वर पाण्याचा कॅन आणि भाजीची पिशवी घेऊन सज्जनगडाच्या पायऱ्यांपर्यंत आणि तिथून ठोसेघरला नेऊन आणते. कुठल्याही गावात तिचा मिस्त्री आहे, प्लग मिळतो, केबल मिळते. त्यात अडाणीपणा कुठला ते सांगा.

कृष्णाकाठची सायकल
ती पोस्ट माझी नाही, पण बाजू माझी आहे म्हणून उत्तर देते. दादा, गणित अर्धंच मांडलंत. घाटात ई-सायकलवर पाय वर घेऊन बसायचं नसतं, पायडल मारायचं असतं. माणूस आणि सायकल मिळून १०५ किलो वजन ५०० मीटर वर न्यायला दीडशे वॉट-तासाच्या आत ऊर्जा लागते. मोटरची गळती, रस्ता, वारा सगळं धरून दुप्पट म्हणा. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची बॅटरी ३६० वॉट-तासांची असते. म्हणजे कासला पोचता येतं, आणि येताना उतारच आहे. मी ४७ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी सांगलीहून दंडोबाला जाऊन येते.

आणि कॅराव्हॅनवाले रोज कासला जातात का? वाईत गाडी गावाबाहेर लावायची, ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा, धोमचं देऊळ, सगळं सायकलच्या टप्प्यात. आमच्या हरभट रोडला तर तुमची एक्सएल लावायलासुद्धा जागा मिळत नाही.

खरा मुद्दा वजनाचा आहे आणि तो तुम्ही शिताफीनं टाळलात. एक्सएल नव्वदीच्या आतबाहेर, लोखंडी अँगलचा रॅक ३० तरी असणारच. हे १२० किलो मागच्या एक्सलच्याही, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही मागं दीड-दोन मीटरवर लोंबकळतंय. झोपाळ्यासारखं आहे ते, मागं बसलं की पुढचं उचलणार. खंबाटकी घाट उतरताना स्टिअरिंग हलकं लागत नाही तुम्हाला?

घाटावरचा मिस्त्री
ताईंचं बरोबर आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेतीन मीटर आणि रॅक एक्सलपासून पावणेदोन मीटर मागं धरला तर १२० किलोमुळं मागच्या एक्सलवर १८० किलो वाढतात आणि पुढचे ६० कमी होतात. माझ्याकडं अशी एक गाडी आली होती, रॅकचं वेल्डिंग चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला न मारता बंपरच्या पट्टीला मारलेलं. पाचवड फाट्यापर्यंत आली हेच नशीब. पण ई-सायकलचंही सगळं गोड नाही ताई. बंद गाडीत, उन्हात, लिथियम बॅटरी झोपायच्या जागेखाली चार्जिंगला लावून लोक फिरायला जातात. ते मला पेट्रोलपेक्षा जास्त भ्या वाटतं.

बामणोलीकर
तुमचं दोघांचं चालू द्या, पण एक विचारतो. गावात येता, गाडी लावता, पाणी आमचं घेता, जागा आमची. पेट्रोल, किराणा, मोपेड, सायकल सगळं शहरातनं आणलेलं. मग गावाला काय मिळतं? आमच्याकडं वडाप आहे, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपा, जीपवाली पोरं दिवसभर स्टँडवर बसून असतात. त्यांना दोन-तीनशे रुपये दिले तर काय बिघडतं? टांगायचंच कशाला मागं काही?

चाकावरचं घर, सातारा
वडाप? जीपमध्ये चौदा माणसं, दोन मागं लटकलेली, आणि भरल्याशिवाय हलायचं नाही. माझ्या चुलत्याचा हात त्यात गेलाय, कोपरापासून. मी बायकापोरांना वडापात बसवणार नाही, माफ करा.

बामणोलीकर
चुलत्याचं वाईट झालं, त्यावर काही बोलत नाही. पण वडाप का चालतं हे तुम्ही साताऱ्यात बसून कसं सांगणार? २०२१ च्या ऑक्टोबरपासनं एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा माझ्या आईला डायलिसिसला कुणी नेलं? वडापनं. आठवड्यातनं दोनदा. पैसे नसले तर पुढच्या खेपेला द्या म्हणायचा तो पोरगा. तुम्ही मोपेड टांगून हौसेनं डोंगरात येता, आम्ही तिथं राहतो.

तासगावची लेक
एसटीला का नावं ठेवता सगळे? २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून माझी सासू एकटी औदुंबरला जाऊन येते, आधी कुणीतरी नेईल म्हणून वाट बघत बसायची. तुमचं वडाप वाटेत दुपटीनं पैसे मागतं ते पण सांगा की.

बामणोलीकर
औदुंबरला एसटी आहे ताई. आमच्याकडं पाऊस लागला की दरड येते आणि गाडी निम्म्यातनं परत फिरते. सपाटीवरनं डोंगराला शिकवू नका.

तासगावची लेक
सपाटी? २०१९ ला आमच्या माहेरी पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. पाच दिवस गच्चीवर काढलेत. कुणाचं दुःख मोठं हे मोजायला आलोय का आपण?

चाकावरचं घर, सातारा
अहो धागा मोपेडचा आहे. एसटीचा वेगळा काढा, मीपण लिहीन तिथं.

लुना प्रेमी, मिरज
१९७२ ला लुना आली, वडिलांनी पुढं कधीतरी घेतली आणि तिच्यावर तंबोऱ्याचे भोपळे बांधून आणले. आता २०२४ पासून ई-लुना आहे, दोघं बसतात आणि धूर नाही. भांडण मिटलं की.

कृष्णाकाठची सायकल
काका, ई-लुनापण शंभर किलोच्या जवळपास आहे, मागच्या एक्सलला ती पेट्रोलची की विजेची काही फरक पडत नाही. आणि ती चार्ज करायला दोन युनिट वीज, ती कॅराव्हॅनच्या घरगुती बॅटरीतून काढली तर रात्री पंखा बंद.

कागदपत्रवाला
एक राहिलं. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा ओलांडली की ते मोटार वाहन झालं, पासिंग, विमा, लायसन सगळं आलं. माझ्या भाच्याला दुकानदारानं "काही लागत नाही" म्हणून पंचेचाळीसनं पळणारी गाडी दिली, पोर पंधरा वर्षांचं. पोलिसांनी धरली तेव्हा दुकानदार फोन उचलेना. सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन मिळतं तेपण ५० सीसीपर्यंतच, त्यात एक्सएल १०० बसत नाही. पोरांच्या हातात देणाऱ्यांनी दोन्हीकडनं विचार करा.

चाकावरचं घर, सातारा
आठ दिवसांनी लिहितोय. झोप लागेना म्हणून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी नेली, सीझन नसल्यानं काटेवाल्यानं करून दिलं. आधी पुढची चाकं, मग मागची, एक्सएल काढून आणि लावून. रॅकसकट काढल्यावर पुढं १२६० मागं १९८०. लावल्यावर पुढं १२००, मागं २१६०. मिस्त्रींनी घरबसल्या सांगितलेला आकडा तंतोतंत आला. खंबाटकीत स्टिअरिंग हलकं लागायचं, ते मी टायरच्या हवेवर ढकलत होतो.

तर ताई, वजनाचं तुमचं खरं. पण एक्सएल मी विकणार नाही. पाण्याची टाकी मागून काढून पुढच्या सीटमागं घेतोय आणि रॅक एक्सलजवळ जाईल तेवढा आत, चेसीला बोल्टनं. वाई-मेणवलीसाठी एक सायकल घेईन, एकच, ती पण साधी. कासला एक्सएलच. आणि बामणोलीकर, पुढच्या वेळी बामणोलीला आलो की तुमच्या त्या पोराचा नंबर द्या, पूर्ण जीप करीन, लटकणारा एकही नको.

बामणोलीकर
देतो. पण पूर्ण जीपचे पैसे पूर्ण लागतील.

कृष्णाकाठची सायकल
काट्यावर गेलात हे आवडलं, बहुतेक जण जात नाहीत. साधी सायकल घेऊन पस्तावाल, पण ते तुमचं तुम्ही बघा. एकच विचारते, एक्सएल टांगल्यावर मागची नंबरप्लेट आणि ब्रेकलाईट दिसतात का?

चाकावरचं घर, सातारा
डावा दिवा झाकला जातो. उद्या वायर ओढून रॅकवर दुसरा लावतो, प्लेटपण तिथंच.