विमानतळ ते क्रूझचं बंदर : प्रायव्हेट गाडी बुक केली होती का? अनुभव लिहा

चहाबाज
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरवलीये. तिकिटावर मोठ्या अक्षरात रोम लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होतो, परवा नकाशा उघडला तर जहाज सुटतं चिवितावेक्किया नावाच्या गावाहून, रोमपासून जवळजवळ ८० किलोमीटर. म्हणजे पुण्याला जातो सांगून लोणावळ्याला उतरवण्यातली गत.

आम्ही सहाजण. आम्ही दोघं, लेक वय वर्षं ४, माझी आई आणि सासू-सासरे. सासऱ्यांचा गुडघा बोलतो. बॅगा आठ, त्यातली एक निव्वळ खाण्याची (आईला वाटतंय जहाजावर उपासमार होते). क्रूझ कंपनीची बस माणशी पैसे घेते, सहाजणांचा हिशोब मांडला तर प्रायव्हेट व्हॅन तेवढ्यातच पडतेय. पण परक्या देशात ऑनलाइन पैसे भरायचे आणि उतरल्यावर माणूसच नाही आला तर काय, ही धाकधूक आहे. रोमचेच अनुभव हवेत असं नाही, कुठल्याही बंदराचे चालतील.

सोलकढी
आम्ही रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून चिवितावेक्कियाला प्रायव्हेट व्हॅननेच गेलो होतो, पाचजणांचे १८० युरो झाले. गाडी वेळेवर, ड्रायव्हर वेळेवर, तरी आम्ही पाऊण तास शोधत होतो त्याची गंमत सांगते.

टर्मिनल ३ ला बाहेर आलं की बोर्ड घेतलेल्यांची ही रांग असते. आम्ही आमच्या आडनावाचा बोर्ड शोधतोय, नाहीच. दोनदा त्या रांगेसमोरून गेलो, नवऱ्याचा फोन रोमिंग पकडेना, दीर म्हणायला लागले तरी मी सांगत होतो टॅक्सी करू. तेवढ्यात सासूबाई एका माणसासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, अगं हे तर ह्यांचं नाव. बघतो तर खरंच, सासऱ्यांचं नाव, पुढे मिस्टर लावून. सासरे जाऊन बारा वर्षं झाली! झालं काय, आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं ना, नवऱ्याने फॉर्म भरताना आडनावाच्या रकान्यात तेच टाकलेलं आणि आडनाव कुठे दिलंच नव्हतं. तो बिचारा पाऊण तास मिस्टर सासऱ्यांची वाट बघत उभा होता. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला, मग गाडीत तासभर कोणीच फार बोललं नाही.

तर फॉर्म भरताना नाव तपासा. आणि इटलीत अशा लायसन्सवाल्या प्रायव्हेट गाड्यांना एनसीसी म्हणतात, त्या आधी बुक कराव्या लागतात. विमानतळाच्या दारात जे स्वतःहून येऊन "टॅक्सी टॅक्सी" करतात ते वेगळे, त्यांच्या नादी लागू नका. अधिकृत टॅक्सी पांढरी असते आणि रांगेतून घ्यायची असते.

आगाऊ
चहाबाज, विमान कधी उतरतंय? त्याच दिवशी नका हं जाऊ.

चहाबाज
त्याच दिवशी सकाळी ७ ला. जहाज संध्याकाळी ५ ला आहे की, दहा तास आहेत हातात.

आगाऊ
दहा नाहीत. जहाज ५ ला सुटतं म्हणजे चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं. आपल्या पासपोर्टची इमिग्रेशनची रांग धरा, बॅगा धरा, प्रवास धरा, आणि मधे कुठे कनेक्टिंग फ्लाइट असेल तर ते चुकलं की संपलंच. व्हॅनवाला विमान ट्रॅक करतो, जहाज नाही करत. आदल्या दिवशी जा आणि तिथेच मुक्काम करा, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला जाल आणि अख्खी क्रूझ हातची जाईल.

स्लो लोकल
मी वेगळा सूर लावतो. प्रायव्हेट गाडी प्रत्येक ठिकाणी लागत नाही, लोक घाबरून करतात. आम्ही दोघंच, एकेक बॅग, फ्युमिचिनोहून ट्रेनने गेलो. थेट गाडी नाही, त्रास्तेव्हेरे स्टेशनला बदलायची. लोक चुकून लिओनार्दो एक्सप्रेस या विमानतळाच्या गाडीने पार तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला जातात, महागही पडतं आणि उलट दिशेलाही जाणं होतं. चिवितावेक्कियाला स्टेशनवरून जहाजापर्यंत चालत जाता येत नाही, लार्गो देल्ला पाचे म्हणून बसस्टँड आहे तिथून बंदराच्या बस मिळतात. तिथवर मात्र चालणं आहे.

बार्सिलोनाला तर प्रायव्हेटचा विचारच करू नका. विमानतळाबाहेर काळ्यापिवळ्या टॅक्सींची रांग असते (हो, अगदी आपल्या मुंबईसारख्या), क्रूझच्या मोल अदोस्सात धक्क्यापर्यंत फिक्स्ड रेट आहे, वाद नाही काही नाही. फक्त टर्मिनलचं अक्षर सांगा. व्हँकुव्हरला विमानतळावरून स्कायट्रेन पकडा, वॉटरफ्रंट स्टेशनला उतरा, जहाज समोर कॅनडा प्लेसला दिसतंच.

पण आठ बॅगा, चार वर्षांचं पोर आणि बोलणारा गुडघा असेल तर माझं काही ऐकू नका, व्हॅनच करा.

थालीपीठ
तिकिटावरच्या शहराच्या नावावर विश्वास ठेवू नका यावर आमचा किस्सा. आमची क्रूझ "व्हेनिस"हून. मी उत्साहाने मार्को पोलो विमानतळ ते व्हेनिस क्रूझ टर्मिनल अशी गाडी बुक केली, स्वस्तात मिळाली म्हणून घरात मिरवलंही. दोन दिवसांनी गाडीवाल्यांचा मेल, जहाजाचं नाव काय? कळवलं. उलट मेल, मॅडम तुमचं जहाज व्हेनिसला येतच नाही, ते राव्हेन्नाला लागतं.

२०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को समोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. मग काही कंपन्या राव्हेन्नाहून सुटतात, काही त्रिएस्तेहून, ब्रोशरवर मात्र गोंडोलाचा फोटो तसाच. राव्हेन्ना म्हणजे व्हेनिसहून दोन-सव्वादोन तास. गाडीचे पैसे तिप्पट झाले, पण त्या माणसाने विचारलं नसतं तर आम्ही सकाळी रिकाम्या धक्क्यावर ट्रॉली बॅगा घेऊन उभे असतो. तेव्हापासून माझा नियम, जो गाडीवाला जहाजाचं नाव विचारतो तोच खरा.

टेम्सकाठ
थालीपीठ, अगदी अगदी. मी इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, मागच्या वर्षी आईबाबा कोल्हापूरहून आले आणि साउथॅम्प्टनहून क्रूझ होती. मी कामातून सुटू शकत नव्हते म्हणून हीथ्रोहून त्यांना प्रायव्हेट टॅक्सी करून दिली. एम ३ महामार्गाने दीड तासाचा रस्ता, शनिवार, ट्रॅफिक ठीक होतं.

साउथॅम्प्टनला पाच क्रूझ टर्मिनल्स आहेत आणि एकाच गेटने आत जाता येत नाही. ओशन आणि क्वीन एलिझाबेथ टू ही टर्मिनल्स डॉक गेट ४ ने, सिटी टर्मिनल गेट ८ ने, मेफ्लॉवर गेट १० ने. मी बुकिंगमध्ये लिहिलं होतं "साउथॅम्प्टन क्रूझ पोर्ट". ड्रायव्हरने गेट ४ ला नेलं, तिथे एक पांढरं प्रचंड जहाज उभं, बाबा खूश, बॅगा उतरवल्या, पैसे आधीच दिलेले, तो गेला. आत गेल्यावर कळलं की हे जहाज दुसरंच, यांचं मेफ्लॉवरला. बाबांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये, मागे आईचा आवाज, "अहो पण हेपण चांगलंय की." तिला वाटलं कुठल्यापण बसलं तरी चालतं!! बंदराच्या एका कर्मचाऱ्याने दुसरी टॅक्सी बोलावून दिली, पोचले वेळेत, पण बाबांचं बीपी त्या दिवशी किती होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ड्रायव्हरचा दोष मी नाही धरत. बंदराच्या साइटवर कुठल्या तारखेला कुठलं जहाज कुठल्या टर्मिनलला ते वेळापत्रक असतं, ते मी बघायला हवं होतं. आणि टर्मिनल कधीकधी शेवटच्या आठवड्यात बदलतं, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री परत बघायचं.

मी_मुंबईकर
हे वाचून हसलो आणि मग आमचं आठवलं. परदेश कशाला, मुंबईतच. नागपूरहून बहिणीचं कुटुंब मुंबई-गोवा क्रूझसाठी आलं, विमानतळाच्या टी २ वरून गाडी बुक केलेली. सी लिंक, कोस्टल रोड, मस्त अर्ध्या-पाऊण तासात दक्षिण मुंबईत. आणि मग ड्रायव्हरने त्यांना नेलं भाऊच्या धक्क्यावर! त्याच्या हिशोबाने बोट म्हणजे भाऊचा धक्का. कोळणी, बर्फाच्या गाड्या, रेवसच्या लाँचची रांग आणि मधे गोगल लावलेली आमची भाची पांढऱ्या फ्रॉकमध्ये. जायचं होतं बॅलार्ड पियरला. गाडीवाल्याला बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट असं सांगा. "क्रूझ" म्हटलं की निम्मे लोक गेटवेला नेतात.

दहीबुत्ती
गोव्याला उतरणाऱ्यांसाठी. क्रूझ मुरगाव बंदरात लागते, तिथून दाबोळी विमानतळ अगदी हाताशी. पण तुमचं विमान मोपाहून असेल तर ते गोव्याचं दुसरं टोक आहे, दीड तास तरी धरा. मी टॅक्सी सांगताना फक्त "एअरपोर्ट" म्हटलं. सकाळी ड्रायव्हर निवांत चहा पीत, त्याला वाटलं वीस मिनिटांचं काम. मोपा म्हटल्यावर कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मोपा? तें पयस मगो!" मग नव्याने भाव ठरवणं आलं. तिकिटावर कोड बघा, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. विमान मिळालं, नाश्ता मात्र हुकला.

बाळाची_आई
चहाबाज, लेक ४ वर्षांची म्हणताय म्हणून लिहितेय. चाइल्ड सीटचं आत्ताच बोलून घ्या. आम्ही सिंगापूरला चांगीहून मरिना बे क्रूझ सेंटरला जाताना अ‍ॅपवरून प्रायव्हेट गाडी मागवली, ड्रायव्हरने पोराकडे बघितलं आणि सीट आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर सॉरी म्हणून निघून गेला. मला राग आला होता पण त्याचं बरोबर होतं, तिथे १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलांना प्रायव्हेट हायरमध्ये सीट लागतेच, मीटरच्या टॅक्सीला सूट आहे. मग टॅक्सी केली, वीस मिनिटांत पोचलो. तिथेही दोन क्रूझ टर्मिनल्स आहेत बरं का, मरिना बेचं वेगळं आणि हार्बरफ्रंटचं वेगळं.

बुक करताना नुसतं "एक मूल" नका लिहू, वय आणि वजन लिहा. आम्हाला दुसऱ्या एका ट्रिपला सहा महिन्यांच्या बाळाची टोपली आली होती, पोरगा तेव्हा तीन वर्षांचा 😅

आगाऊ
टोपलीत बसवलात का मग?

बाळाची_आई
खाऊची पिशवी बसवली.

ऑर्लँडोवाला
परतीबद्दल कोणीच बोलत नाहीये. जहाज सकाळी ६ ला लागलं म्हणजे तुम्ही ६ ला बाहेर नसता. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या, त्यावर रंगीत टॅग, सकाळी तुमच्या रंगाला हाक मारतील तेव्हा उतरायचं. आम्ही फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलला गाडी ७ ला बोलावली, बाहेर यायला पावणेनऊ. वेटिंगचे पैसे लावले, अटींमध्ये लिहिलेलंच होतं, वाचलं कोणी होतं. विमानाबाबतीत उशीर झाला तर ते सांभाळून घेतात, उतरल्यापासून बहुतेक तासभर फुकट थांबतात. बंदरावरून घेताना तशी सवलत असेलच असं नाही, ते विचारून घ्या. परतीचं विमान दुपारी १ च्या आधीचं नको.

आणि कॅनाव्हरलला जाणार असाल तर त्या दिवशी रॉकेट उडणार आहे का बघा, रॉकेटचा तळ शेजारीच आहे. गंमत नाही करत. लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि उड्डाण झालं की सगळे एकदम घरी निघतात.

चहाबाज
सगळ्यांचे मनापासून आभार, बायकोला वाचून दाखवलं आणि मी वेंधळा आहे यावर तिचं एकमत झालं.

आता तिकिटं एक दिवस अलीकडची केली, बदलायचा दंड भरला, गप्प बसलो. विमानतळावरून थेट चिवितावेक्किया, तिथेच रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी आरामात जहाजावर. सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडीवाल्याला मेल टाकला, त्याने खरंच जहाजाचं नाव विचारलं (थालीपीठ, तुमच्या नियमात पास). दुसऱ्या दिवशी हॉटेल ते धक्का एवढंही तोच सोडणार. सीट लेकीचं वजन लिहून मागितलीये.

सोलकढींचा किस्सा जेवताना घरात सांगितला. सासरे काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा हळूच मला म्हणाले, त्या बोर्डावर माझं नाव येईल का? तेवढं बदलून घेतलंय, स्पेलिंग दोनदा तपासून.

बॅगा मात्र आता नऊ झाल्यात. आईने चकल्यांचा डबा वेगळा काढलाय. गाडीवाल्याला परत मेल टाकतो.