नववीसाठी एक तासिका: सेल्फी, फिल्टर आणि शरीराची लाज. वर्गात नेमकं काय घ्यावं?

शाळेतली_ताई
नववीच्या दोन तुकड्यांसाठी प्रत्येकी ४० मिनिटांची एक तासिका मिळाली आहे. इन्स्टावरचे चेहरे आणि शरीरं बघून स्वतःच्या रंगाची, वजनाची, मुरुमांची जी लाज वाटायला लागते, त्यावर बोलायचं आहे. ‘मोबाइल वाईट’ हे भाषण मुलांना पाठ आहे, ते नको. करून दाखवता येईल असं काही आहे का? प्रोजेक्टर आणि माझा फोन एवढंच साहित्य. शिवाय फिल्टर लावलेला आणि बिनफिल्टरचा फोटो शेजारी-शेजारी दाखवून काही साधतं का?

दीड_मीटर
ताई, एक फूटपट्टी न्या. मुलांपैकी कोणाचाही चेहरा वापरू नका, स्वतःचाच वापरा.

आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ब्युटी’ किंवा ‘रीटच’ असेल ते शून्यावर आणा. पुष्कळ फोनमध्ये ते आपोआप चालू असतं आणि तिथेच प्रयोग फसतो. पहिला फोटो नाकापासून ३० सेंमीवरून, सेल्फी घेतो तसा. दुसरा त्याच कॅमेऱ्याने, त्याच उजेडात, दीड मीटरवरून; फोन बाकावर टेकवा आणि टायमर लावा. मग दुसरा फोटो कडेने कापून चेहरा पहिल्याइतका मोठा करा. दोन्ही पडद्यावर आले की पहिल्यात नाक फुगलेलं आणि कान मागे सरकलेले दिसतील.

आता फळ्यावर गणित. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतो. पहिल्या फोटोत कॅमेऱ्यापासून नाक ३० वर, कान ४२ वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४२ भागिले ३०, १.४ पट मोठं उमटतं. दुसऱ्यात १६२ भागिले १५०, जेमतेम १.०८ पट. नाक तेच, अंतर बदललं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हेच गणित मांडलं: पाच फुटांच्या तुलनेत १२ इंचांवरून नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त दिसते. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी लोक सेल्फी घेऊन यायला लागले म्हणून त्यांना ते मांडावं लागलं.

‘फोटोत माझं तोंड वाकडं येतं’ ही तक्रारही वर्गात निघेल. स्क्रीनवर आपण आरशातल्यासारखे दिसतो, पण फोटो साठवताना काही फोन तो सुलटा करतात. कोणताच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे सवयीचा नसलेला सुलटा चेहरा आपल्याला खटकतो. १९७७ च्या एका प्रयोगात बहुतेकींना स्वतःचा आरशातला फोटो आवडला, तर मैत्रिणींना त्यांचा सुलटा. मैत्रीण रोज तोच बघते ना!

समुपदेशन_कक्ष
हा प्रयोग घ्याच. फिल्टरची जोडी मात्र दाखवू नका. फोटो खोटा आहे हे कळलं म्हणून तुलना थांबत नाही. ‘हा फोटो बदललेला आहे’ अशी पट्टी लावून केलेल्या प्रयोगांमध्येही बघणाऱ्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटलं नाही. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतल्या अशा फोटोंवर पट्टी लावण्याची सक्ती आहे. प्रामाणिकपणासाठी ती हवीच, पण लाजेवर ते औषध नाही. फिल्टर काय करतो ते फळ्यावर एक चेहरा रेखाटून सांगा: हनुवटी अरुंद, डोळे मोठे, नाक बारीक, कातडी सपाट आणि वर रंग उजळ. हा ‘उजळ’ कोणी ठरवला, तिथे जरा थांबा. आपल्याकडे लाजेचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

वजन, कॅलरी, ‘आधी-नंतर’चे फोटो, उपाशी राहणाऱ्या मुलीची गोष्ट, हे सगळं टाळा. सावध करायला सांगितलेल्या युक्त्या काही मुलं उचलतात.

शेवटची १५ मिनिटं मुलांना लिहू द्या: ‘सहावीतल्या बहिणीला किंवा भावाला पत्र. रीलमधल्यासारखं दिसायच्या मागे लागलं तर पैसा, वेळ, झोप, खेळ यांतलं काय काय जातं?’ आपण सांगितलेलं मुलं विसरतात, पण रीलमधल्या त्या ‘आदर्श’ दिसण्याविरुद्ध स्वतः मांडलेलं त्यांना पटायला लागतं. या पद्धतीला संशोधनाचा चांगला आधार आहे. नाव घालायचं नाही, मोठ्याने वाचायची सक्ती नाही.

आणि शिक्षक-खोलीतही बोला. ‘सुटलीस गं’, ‘काडी पैलवान’, ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे रील बोलत नाही, आपण बोलतो. वजन-उंची मोजताना आकडे मोठ्याने पुकारू नका.

शाळेतली_ताई
मनापासून आभार. मुलगे हसण्यावारी नेतील अशी भीती आहे. आणि नेमकं कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं?

वाढीचा_तक्ता
मुलगे हसतात, कारण त्यांचीच दुखरी नस असते. मुलग्यांची उंची मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा झपाट्याने वाढते, आणि त्यांच्यातही प्रत्येकाची वेळ वेगळी. म्हणून नववीत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून सातवीतला वाटतो, दोघंही निरोगी. रीलमधला पंचविशीतला माणूस व्यायाम संपताक्षणी, वरून पडणाऱ्या उजेडात, कधी पाणी पिणं तोडून तर कधी स्नायू फुगवणारं स्टेरॉइड घेऊन उभा असतो. वाढत्या वयात हे स्टेरॉइड घेतलं तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची तिथेच थांबते. हे वाक्य मुलगे नीट ऐकतात. मुलींना सांगा की पाळी सुरू होण्याच्या आसपास कंबर-मांड्या भरणं ही वाढच आहे.

पाठवायचं कोणाला? भराभर वजन उतरलेली, तीन महिने पाळी चुकलेली, चक्कर येणारी, डबा रोज वाटून टाकणारी, जेवण झालं की लगेच बाथरूम गाठणारी. एकाच ‘व्यंगा’पायी तासन्‌तास आरशासमोर असणारा किंवा शाळाच बुडवणारा. आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्या मुलाला एकटं सोडू नका आणि पालकांना त्याच दिवशी बोलवा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दलही विचारा. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, स्नायूंसाठी घेतात त्याहून वेगळं. असं मलम महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी पातळ होते, मुरुम वाढतात, आणि ते बंद केलं की चेहरा लाल होऊन पेटतो. मग पोरं पुन्हा तेच लावतात. अचानक बंद करायला लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

सेटिंगवाला
पालकसभेसाठी थोडं. इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती भारतात २०२५ पासून आहेत: खातं खाजगी, ६० मिनिटांनी आठवण, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. पण जन्मसाल खोटं टाकलेलं असेल तर हे आपोआप लागू होईलच असं नाही, म्हणून आधी ते तपासा. मग ‘कंटेंट प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन सुचवलेला मजकूर रीसेट करा आणि पुढचे काही दिवस नको ते दिसलं की ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. रागाने थांबून बघितलेलं रीलही ‘आवडलं’ म्हणूनच मोजलं जाऊ शकतं, हे मुलांना माहीत नसतं.

वेळेचं म्हणाल तर कॅनडातला एक प्रयोग २०२३ मध्ये छापून आला. १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकी ज्यांना रोज तासाभराची मर्यादा घातली, त्यांना तीन आठवड्यांत स्वतःचं दिसणं आणि वजन यांबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. नववीची मुलं त्याहून लहान आहेत, पण तीन आठवडे ही मुदत पालकांना झेपते.

दीड_मीटर
एक राहिलं. दोन्ही फोटो तासिकेआधी घरी काढून बघा. कापल्यावर दुसरा धुरकट दिसला तर मुलं अस्पष्टपणाकडेच बघत बसतील; खिडकीकडे तोंड करून, भरपूर उजेडात पुन्हा काढा.