मदत हवी आहे: पहिलीतला मुलगा १७ सप्टेंबरला स्वामी रामानंद तीर्थ होणार, भाषण आणि पोशाख

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. मुलगा पहिलीत, उंची ११२ सेंमी. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की स्वामीजींच्या वेशात माईकवर बोलायचंय. स्टेजवर जायची पहिलीच वेळ. बाईंनी दिलेलं भाषण चौदा वाक्यांचं. घरात धडाधडा म्हणायलाय, पण कुणी समोर बसलं की तिसऱ्या वाक्याला अडकायलाय आणि परत पहिल्यापासून सुरू करायलाय. पोशाख भाड्यानं आणावा की शिवावा? हातात दहा दिवस आहेत.

फळाखडू:
ताई, आधी बाईंना विचारून भाषण कापा. सहा वर्षांच्या लेकराला सहा-सात वाक्यं पुष्कळ झाली. मोठ्यांचं भाषण कापून लहान केलं की 'विलीनीकरण', 'संस्थान' असले शब्द मागं राहतात आणि लेकरू तिथंच ठेचकाळतं. दुसरा घोळ सालांचा. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस एकाच भाषणात आले की हमखास अदलाबदल होते. एकच साल ठेवा. असं काहीतरी:

'नमस्कार. मी स्वामी रामानंद तीर्थ. देश स्वतंत्र झाला, पण मराठवाड्यावर निजामाचंच राज्य होतं. आम्ही लढलो. तुरुंगात गेलो. तेरा महिन्यांनी, सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीसला मराठवाडा मुक्त झाला. जय हिंद!'

पाठ करून घेताना शेवटापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी फक्त 'तेरा महिन्यांनी' पासून 'जय हिंद' पर्यंत. मग त्याच्या आधीचं एकेक वाक्य जोडत मागं या. नेहमीच्या पद्धतीत पहिलं वाक्य शंभरदा घोटलं जातं आणि शेवट कच्चा राहतो, म्हणून लेकरू पुढं जाताना घाबरतं. उलट केलं की पुढचा रस्ता ओळखीचा लागतो.

अडकला तर पहिल्यापासून म्हणायला लावू नका, सवय तिथूनच लागलीय. पुढच्या वाक्याचा नुसता पहिला शब्द द्या, 'आम्ही...', आणि थांबा. कार्यक्रमातही हा शब्द द्यायला एकच माणूस ठेवा, शक्यतो बाईच. आई, आजी आणि काका तिघांनी ओठ हलवले की ते बावचळणारच.

सुईदोरा:
शिवाच. भाड्याच्या दुकानात 'स्वामी' म्हटलं की जटा, कमंडलू आणि रुद्राक्षाचा साधूचा सेट हातात ठेवतात. स्वामीजी संन्यासी होते खरे, पण हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांचे मुख्याध्यापकही होते. पोराला जटा लावून उभं केलं तर आजोबा मंडळी हसतील.

३६ इंच पन्ह्याचं भगवं सुती कापड तीन मीटर घ्या. सॅटिन नको, कमरेवरून घसरतं. दीड मीटरमध्ये पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता. उरलेल्या दीड मीटरची लुंगी: पन्हा साधारण ९० सेंमी, या उंचीला ६० पुरतात, म्हणजे ३० सेंमीची पट्टी उरते तेच उपरणं. वेगळं आणायची गरज नाही. लुंगीची बाजू शिवून टाका, पुढच्या चुण्या वर चार बोटं टाके घालून पक्क्या करा आणि कमरेला इलॅस्टिक घाला, कमरेच्या मापापेक्षा तीन-चार सेंमी कमी. खालची कड घोट्याच्या वर दोन बोटं हवी. पायाखाली आली तर पायरी चढताना तोंडावर पडेल. आत हाफपँट. उपरणं खांद्यावर आतल्या बाजूनं सेफ्टीपिननं कुर्त्याला अडकवा, नाहीतर पूर्ण भाषणभर ते सावरत बसेल.

स्वस्त भगवा रंग जातो. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा. रुमाल रंगला तर शिवायच्या आधी कापड दोनदा वेगळं धुवा. सप्टेंबरात पाऊस धरूनच चालायचं.

भोंगा:
माईकचं कुणीच बोललं नाही. पहिल्यांदा बोलणारी निम्मी लेकरं स्वतःचाच आवाज बॉक्समधून आल्यावर गप्प होतात. शाळेचं पटांगण तिन्ही बाजूंनी वर्गांचं असेल तर आवाज घुमून उशिरा परत येतो, मग जास्तच. घरी ब्लूटूथ स्पीकर पाच-सहा पावलांवर ठेवून माईकवर सराव घ्या, इको बंद करून. माईक हातात देऊ नका, वजनानं तो पोटापर्यंत खाली येतो आणि बॉक्सकडं वळला की शिट्टी मारतो. स्टँड हनुवटीच्या उंचीला, तोंडापासून चार बोटं. आधी मोठी मुलं बोलणार असतील तर स्टँड खाली करायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी स्क्रू अडकतो हो!

तेरणाकाठ:
बाई तयार झाल्या, भाषण वरचंच ठेवलं. सराव पोशाखात कधी घ्यावा? आणि ऐनवेळी रडलाच तर?

फळाखडू:
शेवटचे तीन दिवस रोज एकदा, पूर्ण पोशाखात, लघवीला जाऊन येण्यासकट. कार्यक्रमाच्या दिवशी घरून शाळेचा गणवेश घालून न्या आणि पोशाख झेंडावंदनानंतर चढवा. रांगेत तासभर उभं राहून उपरण्याची दोरी होते. थोडे पोहे खाऊ घाला, उपाशी नेऊ नका.

रडला तर बाईंनी शेजारी उभं राहायचं, त्यानं फक्त हात जोडून 'जय हिंद' म्हणायचं आणि उतरायचं. हे त्याला आजच सांगून ठेवा आणि तेवढंच एकदा करूनही घ्या.