शाळा मुलांनी झाडावी का?

रानजाई
आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेची पालकसभा परवा चांगलीच तापली. 'पोरांना शिकायला पाठवतो, झाडायला नाही,' असं काही पालक म्हणाले. गुरुजींनी विचारलं, शिपाई नाही, मग झाडायचं कोणी? जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपायाचं पदच नसतं, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं.

माझ्या मते मुलांनी झाडावं. वर्गातला कचरा असतो तरी कसला? पेन्सिलीचा भुगा, फाडलेली पानं, चपलांची माती, पोषण आहारानंतर सांडलेली शितं. यातलं काहीच परक्याने आणून टाकलेलं नसतं. ज्याची झाडायची पाळी असते, तोच दुसऱ्याला 'कागद खाली टाकू नको' म्हणून टोकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुलं झाडलोट आणि शेतकाम करत शिकली. गांधीजींच्या सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. मग आजच त्यात कमीपणा का वाटावा?

निळाई
कमीपणा कुणाला वाटतो आणि का, हे आधी बघायला हवं. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि रोज संध्याकाळी ते परतही आणावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे. आपल्याकडे झाडू आणि जात वेगळी काढता येत नाही. ज्या घरातल्या दोन पिढ्या दुसऱ्यांचा केर काढण्यात गेल्या, त्या घरची आई 'माझ्या मुलीच्या हातात खराटा नको' म्हणते, तेव्हा ती कष्टाला भिऊन बोलत नसते.

सेवाग्रामात मोठी माणसंही झाडायची. आपल्या शाळांत मोठी माणसं फक्त सांगतात. शिवाय 'सगळी मुलं' म्हणताना प्रत्यक्षात कोण वाकतं? मुली. मुलगे बाक उचलतात, हापशावरून बादली आणतात आणि मैदानावर पळतात.

निपाणीकर
निळाई, पूर्ण सहमत. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात निवासी शाळेच्या मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली आणि मुलांकडून शौचालयं साफ करून घ्यायची नाहीत, असं सरकारला लेखी बजावावं लागलं. 'स्वच्छतेचे संस्कार' हा शब्द फार निसरडा आहे. आज वर्ग, उद्या व्हरांडा, परवा मुतारी. रेघ कोण मारणार?

रानजाई
रेघ आपणच मारायची. वर्ग, व्हरांडा, अंगण आणि स्वतःचं ताट, एवढं मुलांचं. शौचालय, गटार, पाण्याची टाकी, फिनेल, ॲसिड यांना मुलांचा हात लागता कामा नये. पण मालूरचा गुन्हा दाखवून वर्ग झाडणंही बंद करायचं, हे मला पटत नाही.

तोक्योची आई
अशा चर्चेत जपानचं उदाहरण हमखास येतं, आणि बहुतेक वेळा अर्धंच येतं, म्हणून लिहिते. इथल्या शाळेत सफाईची वेळ वेळापत्रकातच असते. त्या वेळी सगळी शाळा एकदम कामाला लागते, मुलगे-मुली सारखेच, आणि शिक्षकही फडकं घेऊन सोबत असतात. पहिलीच्या मुलांना सहावीची मुलं शिकवतात. कितीतरी शाळांत मुलं शौचालयंही धुतात. मात्र दुरुस्ती आणि अवघड कामं करायला शाळेत पगारी कर्मचारी असतो. नळाला पाणी असतं, हातमोजे आणि साबण असतो. यातलं काहीच न देता 'जपानची मुलं बघा' असं आपल्या मुलांना ऐकवणं अन्यायाचं आहे.

खडूफळा
मी शिक्षक आहे, जरा पैशांचं बोलतो. शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार रुपये. त्यातच वीजबिल, खडू, रजिस्टर आणि किरकोळ दुरुस्ती. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, म्हणजे अडीच हजार. महिन्याला दोनशे रुपये पडतात. एवढ्यात खराटे, सुपल्या, साबण येईल, पण शौचालय रोज धुणारं माणूस येणार नाही. जिथे लोकवर्गणी होते तिथे गावातली एखादी ताई थोड्या पैशांवर येते. जिथे होत नाही तिथे शौचालयाला कुलूप लागतं, आणि मोठ्या मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात. मला यातलं सर्वांत वाईट हे शेवटचं वाटतं.

वर्गाचं म्हणाल तर आमच्याकडे पाळीची यादी भिंतीवर आहे. हजेरीच्या क्रमाने नावं, त्यात मुलगा-मुलगी पाहत नाही. माझंही नाव आहे आणि माझी पाळी मी चुकवत नाही. शिक्षा म्हणून झाडायला लावायचं नाही, हा नियम मी फार कडक पाळतो. उशिरा आलास, झाड वर्ग, असं एकदा झालं की झाडणारा कायमचा अपराधी ठरतो. आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. दमा असलेल्या मुलांना फळा पुसणं किंवा झाडांना पाणी घालणं देतो.

निळाई
खडूफळा सर, तुमच्यासारखे शिक्षक असतील तिथे माझा विरोध बराच मावळतो. पण धोरण चांगल्या शिक्षकाच्या भरवशावर ठरवता येत नाही. खासगी अनुदानित शाळांतल्या शिपायांच्या जागा डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने नेमणुकीऐवजी भत्त्यावर आणल्या. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत तर पद नव्हतंच. मुलं झाडतात म्हणून शाळा स्वच्छ दिसते आणि माणूस नेमायची निकड कुणालाच वाटत नाही. मुलांची मेहनत ही उणीव झाकते, माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

रानजाई
हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही मागण्या एकत्र करायला हव्यात. माणूस मिळेपर्यंत मुलांनी केरात बसावं, असं मात्र मी म्हणणार नाही. आणि माणूस मिळाला तरी आपल्या बाकाखालचे कागद मुलांनीच उचलावेत.

निपाणीकर
बाकाखालचं मान्य. अंगणाला अजूनही 'नाही'. सकाळी शाळेच्या अंगणात रात्रीच्या दारूच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या असतात. तो गावाचा कचरा आहे. फुटकी काच सहा वर्षांच्या मुलाने का उचलावी?

खडूफळा
बरोबर आहे. अंगण यादीतून काढायला हवं, निदान सकाळचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि त्यात निम्म्या महिला लागतात. पुढच्या सभेत ठराव मांडा: शौचालयासाठी रोजचं माणूस ग्रामपंचायतीने द्यावं, रात्री फाटकाला कुलूप लावावं आणि मुलांच्या कामांची यादी कार्यालयाबाहेर लावावी. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रानजाई
सभा शनिवारी आहे. 'झाडायला नाही' म्हणणाऱ्या पालकांनाच ठराव मांडायला सांगते.